चित्रगुप्ताची पंचाईत

चित्रगुप्त हिशेबनीस म्हणून कितीही पक्का असला, तरी त्याच्या वहीतल्या एका खात्याची बेरीज आजतागायत लागलेली नसणार, असा मला दाट संशय आहे. आपल्यासारख्यांची खाती सोपी असतात. भिकाऱ्याला पाच रुपये दिले : जमा. देताना कुणी बघतंय का, म्हणून मान वळवली : निम्मे वजा. संपला हिशेब. पण बेंजामिन डिझरायली नावाच्या गृहस्थानं 1867 साली इंग्लंडातल्या लाखो कामकऱ्यांना मताचा अधिकार दिला आणि तो दिला मुख्यत्वे विल्यम ग्लॅडस्टन नावाच्या दुसऱ्या गृहस्थाची जिरवण्यासाठी. आता हे पुण्य धरायचं की भाऊबंदकी?

या दोघांचं वैर म्हणजे अगदी बांधावरून भांडणाऱ्या चुलतभावांसारखं. 1852 च्या डिसेंबरात अर्थमंत्री डिझरायलींचं अंदाजपत्रक कोसळलं. ते कोसळवण्यात ग्लॅडस्टन यांच्या भाषणाचा मोठा वाटा होता आणि नंतर त्या खुर्चीवर तेच येऊन बसले. परंपरेप्रमाणे अर्थमंत्र्याचा झगा मावळत्यानं उगवत्याच्या हवाली करायचा. डिझरायलींनी तो दिलाच नाही! तो थोर पिटसाहेबांचा झगा, अशी त्यांची समजूत होती. खुर्चीटेबलांच्या पैशांवरूनही पत्रापत्री झाली, आणि तीही अशा अदबीच्या भाषेत, की शिव्या त्यापेक्षा बऱ्या. झगा मात्र डिझरायलींच्या ह्यूएन्डनच्या घरीच राहिला. एका साम्राज्याचे दोन धुरंधर एका डगल्यावरून भांडतात हे वाचल्यापासून, आमच्या सोसायटीत जुने सेक्रेटरी नव्या सेक्रेटरीला गच्चीची किल्ली देत नाहीत, याचं मला काही वाटेनासं झालं आहे.

स्वभावही पाहा. ग्लॅडस्टनना फावल्या वेळात कुऱ्हाड घेऊन झाडं तोडायचा नाद, तर डिझरायलींना झाडं लावायचा. ग्लॅडस्टन अत्यंत धर्मभीरू. रोज रोजनिशीत स्वतःची झाडाझडती घेणारे. डिझरायली कादंबऱ्या लिहिणारे, नटवे, जिभेला धार असलेले. लग्नासाठी स्थळ पाहायचं असतं तर आपल्या आईबापांनी डोळे मिटून ग्लॅडस्टन निवडले असते. गप्पांना बसायचं असतं तर आपण डिझरायलींना चहाला बोलावलं असतं.

तर 1866 साली या सज्जन ग्लॅडस्टननी मतदार वाढवण्याचं विधेयक आणलं. शहरात वर्षाला दहा पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मत होतं, ते सात पौंडांवर आणायचं. माणसाची अक्कल घरभाड्यावरून मोजायची ही पद्धत मला फार आवडली. या मापानं गिरगावातल्या जुन्या चाळींत जन्म काढलेली विद्वान मंडळी कायमची बिनअकली ठरली असती! पण सात पौंडांची अक्कलसुद्धा ग्लॅडस्टन यांच्याच पक्षातल्या काहींना कमी वाटली. रॉबर्ट लो आणि मंडळी उलटली, डिझरायलींच्या हुजूर पक्षानं त्यांना हात दिला, आणि विधेयकाबरोबर सरकारही गेलं.

लॉर्ड डर्बी पंतप्रधान झाले आणि लोकसभेची सूत्रं डिझरायलींकडे आली. इथून पुढची गंमत खरी. सात पौंडांना ‘फार होतात’ म्हणून ओरडणाऱ्यांनी वर्षाच्या आत असं विधेयक आणलं, की शहरातला घरपट्टी भरणारा प्रत्येक कुटुंबप्रमुख मतदार! आधी त्याला अटींची कुंपणं होती. ती एकेक करून उखडली गेली. ग्लॅडस्टननी सुचवलेली दुरुस्ती आली की डिझरायली ती पाडणार आणि त्याहून मोठी दुरुस्ती कुणा साध्या सभासदाकडून आली की हसत स्वीकारणार. हॉजकिन्सन नावाच्या एका विरोधी सभासदाच्या अशाच एका सूचनेनं काही लाख मतदार वाढले. तीन मंत्री मार्चमध्येच राजीनामे देऊन निघून गेले होते. खुद्द डर्बी या कायद्याला ‘अंधारातली उडी’ म्हणाले. एकूण मतदार जवळजवळ दुप्पट झाले. खेड्यातल्या शेतमजुराला मात्र 1884 पर्यंत थांबावं लागलं.

हाईड पार्कचे कठडे मोडणाऱ्या जमावाचाही या कायद्यात वाटा होता, हे खरं. पण सभागृहातली ईर्षा नसती, तर इतकी मोठी उडी इतक्या झटपट पडली नसती. आता चित्रगुप्ताच्या जागी तुम्ही बसा. शुद्ध हेतूवाल्याच्या हातून काम झालं नाही. ईर्षेवाल्याच्या हातून दुप्पट झालं. म्हणजे हेतू ही निरुपयोगी वस्तू आहे काय?

घाई करू नका. त्याच 1867 च्या मे महिन्यात जॉन स्टुअर्ट मिल यांनी, बायकांनाही मत द्या, अशी दुरुस्ती मांडली. यात स्वार्थ शून्य. 73 मतं बाजूनं, 196 विरुद्ध. बायकांना मत मिळायला 1918 साल उजाडलं, तेही तिशी ओलांडलेल्यांपुरतं. पुरुषांच्या बरोबरीला 1928. म्हणजे निर्मळ हेतूला पन्नास-साठ वर्षं दाराबाहेर बसावं लागलं. पण दार ठोठावणारा तोच होता ना? ईर्षा कामं भराभर उरकते, पण काय करायचं हे तिला सुचत नाही. डिझरायलींनी ग्लॅडस्टनवर कुरघोडी केली ती ग्लॅडस्टननी मांडलेल्याच पटावर. शेजाऱ्यानं घराला रंग काढला म्हणून आपण काढतो, हे खरं. पण कुणीतरी आधी रंग काढावा लागतो.

मग ज्यांना मत मिळालं त्यांनी काय केलं? 1868 च्या फेब्रुवारीत डिझरायली पंतप्रधान झाले. वर्षअखेरीस निवडणूक झाली आणि नव्या मतदारांसकट देशानं निवडून दिलं कुणाला? ग्लॅडस्टनना! 1874 साली मात्र त्याच मतदारांनी पुन्हा डिझरायलींना आणलं. पुष्कळ जण याला कृतघ्नपणा म्हणतील. मला वाटतं, या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

आपल्यावर निव्वळ प्रेमापोटी उपकार करणारा माणूस आठवून पाहा. कॉलेजची फी भरणारे मामा घ्या. माणूस देवासारखा; पण पुढे आपण नोकरी कोणती धरावी, मुलगी कुठली करावी, इथपर्यंत त्या फीची पावती पुरते. निर्मळ दात्याच्या ऋणातून सुटका नाही. उलट ज्यानं स्वतःच्या कामासाठी दिलं, त्याचं देणं आपण लागत नाही. डिझरायलींचा हेतू मतलबी होता म्हणूनच मतदार मोकळा राहिला. मिळालं ते त्याला भिक्षा वाटलं नाही, हक्क वाटला. ‘आम्ही तुम्हाला दिलं’ असं मतदाराला ऐकवणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हे 1868 साल सांगायला हवं.

आणि यातला एक धागा तर थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. 1867 साली राजीनामा देणाऱ्या तिघांत एक लॉर्ड क्रॅनबोर्न होते. तेच पुढे लॉर्ड सॉल्सबरी म्हणून पंतप्रधान झाले आणि 1888 साली, काळ्या माणसाला इंग्रज मतदार निवडून देणार नाही, अशा अर्थाचं बोलले. रोख दादाभाई नौरोजींवर होता. 1892 साली लंडनच्या फिन्सबरीतल्या मतदारांनी दादाभाईंना निवडून दिलं. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच मताधिक्यानं, पण दिलं. दाराशी अडवणाऱ्याला सगळं कळतं असं नाही, आणि दार उघडणाऱ्यालाही आत कोण येणार याचा पत्ता नसतो.

डिझरायली 1881 साली वारले. सभागृहात स्मारकाचा ठराव मांडायची पाळी आली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्यावरच. खोटं बोलायचं नाही आणि मृताची निंदाही करायची नाही! या भाषणाची त्यांनी चांगलीच धास्ती घेतली होती. अखेर त्यांनी शोधून शोधून, खरोखर पटतील तेवढेच गुण सांगितले. त्यात संसदेतल्या धैर्याचा गौरव होता. झग्याचा विषय निघाला नाही.

हेतूची चौकशी माणसानं रोज रात्री स्वतःपुरती करावी, ग्लॅडस्टन करत तशी. दुसऱ्याच्या बाबतीत झालेलं काम पदरात घ्यावं, आभार बेतानंच मानावे आणि मत द्यायच्या वेळी ते आभारही विसरावे. बाकी बेरीज चित्रगुप्तानं करावी. त्याला त्याचाच पगार मिळतो.