घरमालक की घराचा कारभारी?

काही वर्षांपूर्वी आम्ही मुंबईतील एका जुन्या, गजबजलेल्या भागातील धर्मग्रामात सेवेला होतो. चर्चच्या मागे ट्रस्टची एक दुमजली इमारत होती. वर नऊ खोल्या आणि तळमजल्यावर तीन गाळे : एक शिंप्याचा, एक घड्याळजीचा आणि एक पिठाच्या गिरणीचा. सारे भाडेकरू पागडीचे, दोन-तीन पिढ्यांपासूनचे. दर महिन्याला पावती फाडण्याचे काम ऑफिसातला कारकून करी आणि पावतीवर मालकाच्या वतीने सही असे आमची.

एका जून महिन्यात वरच्या मजल्यावरच्या एक विधवा काकू ऑफिसात आल्या. त्यांच्या खोलीचे भाडे महिना ८६ रुपये होते. छत गळत होते. गादी गुंडाळून ठेवून त्या रात्र खुर्चीवर काढत होत्या. आम्ही त्यांना म्हणालो, "काकू, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. एकदा निर्णय झाला की सगळेच प्रश्न सुटतील. आता जुन्या छतावर पैसे घालण्यात काय अर्थ?" त्या म्हणाल्या, "फादर, पाऊस निर्णयासाठी थांबतो का?"

आम्ही हसलो आणि विषय तिथेच राहिला. जुलैत एका पहाटे गॅलरीच्या कठड्याचा मोठा तुकडा खाली कोसळला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. तासाभराने त्याच जागेवरून शाळेची मुले जाणार होती.

त्या सकाळी विटांचा तो ढीग पाहताना आम्हांला आमचीच लाज वाटली. रविवारी वेदीवरून शेजारप्रीतीवर बोलणारे आम्ही, सोमवारी घरमालक म्हणून कोण होतो? हा प्रश्न आमच्यापुरता नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबांकडे मोक्याच्या ठिकाणी वाडवडिलांची घरे, चाळी, दुकानांचे गाळे आहेत. म्हणून आज या विषयावर थोडा विचार करू या.

मालकाची बाजू आधी ऐकली पाहिजे, कारण तीही खरी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या घरटंचाईत गरिबाला रस्त्यावर येण्यापासून वाचवणारा तो कायदा होता. पण टंचाईसाठी केलेली सोय अर्धशतक तशीच राहिली. भाडी गोठवून ठेवणे आता समर्थनीय राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. ८६ रुपयांचे चार टक्के म्हणजे तीन रुपये चव्वेचाळीस पैसे! काकूंच्या वर्षभराच्या भाड्यात सिमेंटच्या दोन-तीन गोण्या आल्या असत्या. गवंड्याची मजुरी निघाली नसती. शिवाय उपनगरात स्वतःचा फ्लॅट घेऊन इथली खोली कुलूप लावून अडवून ठेवणारे भाडेकरूही आमच्या इमारतीत होते. दानधर्म करायचा समाजाने आणि बिल मात्र एकट्या मालकाच्या नावावर, हा न्याय नव्हे.

पण एवढे मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतोच. मोक्याची जागा मोक्याची झाली कशी? आपल्या आजोबांनी ती घेतली तेव्हा तिथे कदाचित नारळाची झाडे असतील. पुढे जवळ रेल्वे स्टेशन आले, महापालिकेचे पाणी आले, शाळा, दवाखाना, बाजार आला. गिरणीवाल्याने पहाटे दुकान उघडले, शिंप्याने दिवाळी-नाताळात रात्री जागवल्या, भाडेकरूंच्या मुलांनी त्या गल्लीला नाव मिळवून दिले. यांतले मालकाने काय केले? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिले होते, की समाजाची भरभराट होत जाते तसा जमीनमालक झोपेतही श्रीमंत होत असतो. जी किंमत साऱ्यांनी मिळून घडवली, तिच्यावर एकट्याचाच हक्क कसा?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. तो समजला मात्र त्या विटांच्या ढिगापाशी. वस्तू मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार माणसाला आहे, असे ते म्हणतात. ज्याचे त्याच्याकडे असले की ते नीट सांभाळले जाते, भांडणे कमी होतात. पण वापराच्या बाबतीत मात्र माणसाने ती वस्तू केवळ स्वतःची न मानता सर्वांची मानावी आणि गरजवंताला त्यातून सहज द्यावे. म्हणजे सात-बारा आपला, कागद आपले, चावी आपली. पण छताखालच्या माणसांशी वागताना आपण कारभारी. आपल्या खेडेगावांत कारभाऱ्याला मान असे, कारण त्याला हिशेब द्यावा लागे.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. मुंबईतील तो सर्वांत जुना मानला जातो. सातबाऱ्यावर एका मालकाचे नाव असलेले चाळीचे अंगण साऱ्या शहराचे कसे होते, ते तिथे दिसते. अशाच अंगणांत पोरे क्रिकेट खेळली, लग्ने लागली, आपल्या लोकांनी मे महिन्यात रोझरी म्हटली. आज त्याच अंगणात पार्किंगचे पट्टे आखताना आपण काय विकतो आहोत, याचा विचार व्हावा.

पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. भेंडीबाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या एका ट्रस्टने २००९ पासून सुमारे साडेसोळा एकरांतील अडीचशे इमारती ताब्यात घेऊन नव्याने उभारण्याचे काम हाती घेतले. सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांना त्याच जागी परत आणायचे, अशी ती योजना आहे. पहिल्या मनोऱ्यांत कुटुंबे राहायलाही आली. मध्यवर्ती जागेचा मालक भाडेकरूला शहराबाहेर न ढकलताही नवे बांधू शकतो, याचे हे मोठे उदाहरण. पण याच योजनेतली, जुनी हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी कोसळली आणि ३३ जण मृत्युमुखी पडले. काही कुटुंबे संक्रमण घरांत गेली होती, काही तिथेच होती. चांगल्या हेतूची योजनाही आजचे छत तोलून धरत नाही. काकू आम्हांला हेच सांगत होत्या.

आता एक अवघड गोष्ट. त्याच वर्षी वरची एक खोली रिकामी झाली. एक तरुण जोडपे चौकशीला आले. मुलगी जवळच्याच इस्पितळात परिचारिका होती. समितीतल्या एकाने नावे विचारली. नावे मुसलमानी होती. "खोली कालच गेली," असे त्याने सांगितले. खोली गेली नव्हती. आम्ही शेजारच्या टेबलावर बसलो होतो आणि गप्प राहिलो.

मांसाहारी म्हणून, ख्रिस्ती म्हणून, एकटी नोकरदार बाई म्हणून घर नाकारले गेल्याच्या हकिगती आपल्याच घरांतून आम्ही ऐकतो. ते ऐकून आपण संतापतो. मग आपल्या हाती चावी आली की आपणही तेच करायचे? जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात याकोब फुगर या धनाढ्य कॅथलिक व्यापाऱ्याने १५२१ साली गरिबांसाठी घरांची वसाहत बांधली. दुसऱ्या महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा उभी राहिली. आजही तिथे वर्षाचे भाडे एका युरोहूनही कमी आहे. पाचशे वर्षे शब्द पाळणारा असा मालक विरळा. तरी तिथे राहायला गरजू असण्याबरोबर कॅथलिक असण्याचीही अट आहे. आपल्या देशातही एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारा अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राह्य धरला. लहान समाजाला एकत्र राहावेसे वाटते, हे आम्ही समजू शकतो. पण कायद्याने चालते म्हणून विवेकबुद्धीला सुट्टी मिळत नाही. गरज पाहून दिलेले घर आणि आडनाव पाहून दिलेले घर, यांत फरक आहे.

मग मालकाने करावे काय? कायदा सांगतो तेवढे तर आधी करावे : इमारत दुरुस्त ठेवावी, प्रत्येक भाड्याची पावती द्यावी, करार लेखी करून नोंदवावा, वाद झाला म्हणून कोणाचे पाणी वा वीज तोडू नये. त्यापुढे थोडे मनाने करावे. पुनर्विकासाची बोलणी चालू असली तरी प्रत्येक पावसाळ्यापूर्वी छत आणि गॅलरी तपासावी. परत येण्याचा हक्क भाडेकरूला तोंडी नव्हे, कागदावर द्यावा. नव्या इमारतीचा महिन्याचा देखभाल खर्च म्हाताऱ्या माणसाला झेपेल का, हे सही करण्यापूर्वी विचारावे; नाहीतर तीनशे फुटांचे घर हाती देऊनही आपण त्याला वर्षभरात बाहेर काढलेले असते. तळमजल्यावर जास्त भाडे देणाऱ्या मोठ्या शोरूमसाठी सगळेच गाळे देऊ नयेत. एखाद्या चांभाराला, गिरणीवाल्याला जागा ठेवावी. आणि भाडेकरूंनीही प्रामाणिक असावे. ज्याला परवडते त्याने १९४० च्या भाड्याआड लपू नये. ज्याला गरज उरली नाही त्याने खोली अडवू नये.

कठडा पडल्यावर आम्ही भाडेकरूंची सभा बोलावली आणि आधी माफी मागितली. चर्चच्या नव्या फरशीसाठी जमवलेले पैसे छताला द्यायचे ठरले. काही जण नाराज झाले आणि तसे त्यांनी आम्हांला स्पष्ट सांगितलेही. उरलेला खर्च भाडेकरूंनी खोलीच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घेतला. काकूंना कोणी मागितले नव्हते, तरी त्या महिना पन्नास रुपये आणून देत. त्यांची वेगळी पावती त्या मागून घेत आणि आम्ही ती देत असू.

ती इमारत अजून तशीच उभी आहे, पुनर्विकास झालेला नाही, असे ऐकतो. छत गळत नाही. चर्चची फरशी जुनीच आहे. ते जोडपे मात्र पुन्हा आले नाही, आणि त्यांचा पत्ता आम्ही घेतला नव्हता.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे भाड्याने दिलेली एखादी खोली वा गाळा आहे, त्यांना एवढीच विनंती. या आठवड्यात एकदा तिथे जा. भाडे मागायला नको, वर छताकडे बघायला.