निर्विकार चेहरा

मुलाला विनाकारण मारणे हा अन्याय, हे आपण जाणतो. मग त्याच्याकडे न पाहणे, याला काय म्हणावे? १९७० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी मातांना तान्ह्या बाळासमोर काही वेळ चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले. बाळाने हसून पाहिले, हात पुढे केले, अखेर मान फिरवली. आई तर समोरच होती! प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाठीवर बसलेला नातू उतरेपर्यंत सजदा लांबवला, नमाजमध्येही बालकाचा हक्क मानला. थकून आलेल्या बापाची गोष्ट वेगळी. परंतु मी? जुम्याच्या खुतब्यासाठी मोबाईलवर वाचत असता धाकटीने दोनदा बाही ओढली, मग ती भिंतीकडे वळून एकटीच खेळू लागली. खुतब्याचा विषय दया हाच होता.