कळ कोणाच्या हाती?



इन्सुलिन घेणारे कोणीतरी तुमच्याही नात्यात असेल. जनुक बदललेल्या ई. कोलाय जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन १९८२ पासून औषध म्हणून मिळू लागले. जिवाणूंकडून अशी औषधे करून घेताना वेळ सांभाळावी लागते. जिवाणू आधी वाढू द्यायचे आणि मग नेमक्या वेळी जनुक चालू करायचे. सुरुवातीपासूनच त्यांना राबवले, तर त्यांची वाढ खुंटते.

जनुक चालू-बंद कसे होते, हे फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडले. दुधातली साखर नसते तेव्हा एक प्रथिन डीएनएवर बसून ती पचवणारी जनुके बंद ठेवते. साखर आली की ते प्रथिन सुटते आणि जनुके कामाला लागतात. पेशीत हुकूम सोडणारा कोणी मालक नाही. कारणे जुळली की कार्य घडते, कारणे सरली की थांबते. पटिच्चसमुप्पाद जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

२००० मध्ये मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लायब्लर यांनी जिवाणूत तीन जनुकांचे कडे रचले. पहिले दुसऱ्याला दाबते, दुसरे तिसऱ्याला आणि तिसरे पुन्हा पहिल्याला. त्यामुळे जिवाणू काही तासांच्या फेऱ्याने हिरवा उजळू आणि मावळू लागला. म्हणजे इथे कारणेच माणसाने रचली.

मग जबाबदारी कोणाची? धम्मात चेतनेला कर्म म्हटले आहे. इन्सुलिन बनवण्यामागे रोग्याचे दुःख हलके करण्याची चेतना असेल, तर ती कुशलच. पण चांगला हेतू असला म्हणजे काम संपले का? बदललेले जिवाणू बाहेर पसरू नयेत, म्हणून त्यांच्यात मरणाची कळ बसवता येते. मात्र एखाद्या पेशीत ही कळ आपोआप बिघडली, तर नेमकी तीच पेशी जगते आणि तिचीच संतती वाढत जाते. अनिच्च कोणाच्या हेतूसाठी थांबत नाही.

हूफडॉर्पमध्ये राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपण राहतो तिथे पूर्वी हार्लेमरमेर हे सरोवर होते. वाफेच्या पंपांनी ते १८५२ पर्यंत उपसले आणि पुढच्याच वर्षी हे गाव वसले. ही जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, म्हणून उपसा आजही चालू ठेवावा लागतो. ज्यांनी सरोवर आटवले, त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या माथी कायमची राखण दिली.

जिवाणूंना हात लावू नये, असे मी म्हणत नाही. विद्येला शीलाची जोड हवी, हे बाबासाहेबांनी वारंवार बजावले आहे. इथे त्या शीलाचे नाव अप्पमाद, म्हणजे सावधपणा. तुमच्यापैकी किंवा तुमच्या मुलांपैकी कोणी प्रयोगशाळेत असेल, तर त्यांना इतकेच विचारा : कळ तुम्ही बसवाल, पण ती बिघडली तर लक्ष कोण ठेवणार? याचे उत्तर तयार नसेल, तर काम अजून सुरू करण्याजोगे झालेले नाही.

जय भीम.