पालकांची सही

माऊली, आखातात नोकरी करून परतलेल्या बापाच्या तोंडी दोन वाक्ये हमखास असतात. पहिले, "सगळं मुलांसाठी केलं." आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, दुसरे, "मुलांची शाळा मात्र बघायची राहून गेली." आमच्या गोवंडीत ही वाक्ये कुठेही ऐकू येतात, चहाच्या टपरीवर, कुणाच्या दहाव्याला, एकादशीच्या भजनानंतर चपला शोधताना. दोन्ही खरी आहेत. तरी गेली काही वर्षे मला वाटू लागले आहे, की या दोन वाक्यांत मिळून एक दावा लपलेला असतो आणि माळ घातलेल्या माणसाने तो तपासून बघावा. मुलांच्या ज्या वर्षांत आपण घरी नव्हतो, त्या वर्षांवर आपला हक्क किती?

माझेच उदाहरण घेतो, कारण त्यातले आकडे मला पाठ आहेत. कुर्ल्याचा कारखाना बंद पडला आणि १९९४ च्या मार्चमध्ये मी वेल्डर म्हणून दुबईला गेलो. त्या जूनमध्ये मुलगी चौथीत गेली, मुलगा पहिलीत. पगार ९०० दिरहम. तेव्हा एका दिरहमचे साडेआठ रुपये येत. ६०० दिरहम पाठवले की शिवाजीनगरच्या आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत ५१०० रुपये पोचत. त्यात दोन मुलांचे शिक्षण, किराणा आणि गावाकडे आईचे औषधपाणी होई. बिऱ्हाड सोबत नेण्याचा प्रश्नच नव्हता. तिकडे कुटुंब आणायला पगाराची अट असते. आजही अमिरातीत ४००० दिरहम, किंवा राहायला जागा मिळत असेल तर ३००० दिरहम पगार असल्याशिवाय बायकामुलांचा व्हिसा मिळत नाही. शिकलेली माणसे अमेरिकेला जातात ती मुलांना घेऊन जातात. त्यांचे दुःख निराळे. मूल ताटाजवळ असते आणि मायबोली लांब जाते. आमचे उलटे होते.

दुबईतल्या मजुरांच्या वस्तीला सोनापूर म्हणतात. नाव ठेवणाऱ्याच्या मनात सोन्याचे गाव असेल. मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हणजे स्मशान. पहिल्या रात्री मला हसू आले, आणि खोलीतल्या बिहारी सोबत्याला त्याचे कारण काही समजावता आले नाही.

दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. मुलगा पहिलीत बसल्यापासून मार्च २००४ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसेपर्यंत साडेतीन हजारांवर दिवस गेले. त्यातले मी घरी होतो २४०. बाकीचा बाप कॅसेटमध्ये होता. मी पाठवलेल्या टू-इन-वनवर मुले कॅसेट भरून पाठवत. मुलगी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काय काय आले ते सांगे, मुलगा पाढे म्हणे, मध्येच कुकरची शिट्टी, शेजारच्या काकूंची हाक, आणि शेवटी तिघे मिळून हरिपाठ. आम्ही चार-पाच मराठी माणसे शुक्रवारी ती कॅसेट लावून त्यांच्या पाठोपाठ म्हणायचो. टाळ नव्हते, तळहातावर ठेका. आषाढीला खजूर आणि लबान, म्हणजे तिकडचे ताक. फोन करायचा तर शेजाऱ्यांचा पीपी नंबर, आणि मिनिटे मोजून. एकदा पलीकडून जाडसर आवाज आला. मी म्हणालो, "भाऊ, जरा आमच्या घरी निरोप द्या." तो म्हणाला, "अण्णा, मीच आहे." मुलाचा आवाज फुटला होता.

शाळा महापालिकेची. एकाच इमारतीत सकाळी उर्दू, दुपारी मराठी. वस्तीपलीकडे देवनारचे कचऱ्याचे डोंगर, १९२७ पासूनचे. वारा फिरला की धूर वर्गापर्यंत येई आणि बाई खिडक्या लावून घेत. मुलगी भावाला हाताला धरून शाळेत नेई. हातच्याची वजाबाकी त्याला तिनेच शिकवली. आषाढीला त्यांची आई दोघांना हार्बरच्या गाडीने वडाळ्याच्या विठ्ठलाला नेई. मुंबईकरांचे ते प्रतिपंढरपूर, आणि गोवंडीहून गाडीही बदलावी लागत नाही. लेकीच्या डोक्यावर तुळस, मुलाच्या हातात पताका, असा एक फोटो मला आला होता. तो माझ्या कॉटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असे. हे सगळे मी ऐकून आणि पाहून सांगतो आहे, अनुभवून नव्हे.

मी कायमचा परत आल्यावर काही वर्षांनी पत्र्याच्या ट्रंकेत मुलांची प्रगतिपुस्तके निघाली. मुलीची सात, मुलाची दहा. प्रत्येकात "पालकांची सही" असा रकाना. पहिल्या दोन-तीन पुस्तकांत तिथे माझे नाव लिहिलेले आहे, मुलांच्या आईच्या हातचे, मोडक्या अक्षरात. ती चौथीपर्यंतच शिकलेली. पुढे कधीतरी माझे नाव गेले आणि तिचे आले. बाईंनी सांगितले की तिनेच ठरवले, मी विचारले नाही. अक्षर वर्षागणिक घट्ट होत गेलेले दिसते. मुलाच्या दहावीच्या पुस्तकावर तर झोकात काढलेली तिरकी सही आहे, बँकेत साहेब करतात तशी. पैसे मी पाठवत होतो; रकाना तिने भरला.

आता "सगळं मुलांसाठी केलं" या वाक्याकडे येऊ. त्याची कसोटी आपल्याच संप्रदायाच्या उगमाशी आहे. संन्याशाची पोरे म्हणून चार लेकरांना कुणी जवळ करीना, तेव्हा मुलांचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, असे आपली परंपरा सांगते. मुलांसाठी याहून अधिक कुणी काय करणार? आणि पुढे काय झाले? मार्ग मोकळा झाला नाही. शुद्धिपत्रासाठी मुलांना पैठणची वाट धरावीच लागली. थोरल्या निवृत्तीने आधी बापाची जागा घेतली आणि मग गुरूची. ज्ञानदेव उद्विग्न होऊन ताटी लावून बसले, तेव्हा समजूत काढायला आई नव्हती. धाकट्या मुक्ताईने ती काढली. ताटीचे अभंग आपण आजही म्हणतो. कीर्तनात हा भाग आला की आईबापांच्या त्यागाने आपले डोळे भरतात, आणि ते भरावेतच. पण मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आईबाप गेल्याने जी जागा रिकामी झाली, ती त्यांच्या त्यागाने भरली नाही. मागे राहिलेल्या लेकरांनी ती एकमेकांची आई होऊन भरली. आणि ज्याला आईची सावली फार थोडे दिवस मिळाली, त्या मुलाला सातशे वर्षे आपण सगळे "माऊली" म्हणतो.

नामदेवरायांचे उदाहरण याहून जवळचे आहे. ते पंढरपूर सोडून पार पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. विठ्ठलासाठी गेलेला तो महात्मा आणि पोटासाठी गेलेला वेल्डर, ही तुलना मी करत नाही. मला बोलायचे आहे ते राजाईविषयी. नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि राजाई या सासूसुनांची गाऱ्हाणी आहेत. मुलगा विठ्ठलाने ओढून नेला म्हणून आई भांडते. घरात दाणा नाही आणि कर्ता देवळात, म्हणून बायको. काही कीर्तनकार राजाईचा प्रसंग हशा पिकवायला वापरतात. मला ते पटत नाही. ज्यांनी गाथा जपली त्यांनी ही गाऱ्हाणी गाळली नाहीत, नामदेवांच्या अभंगांशेजारी ठेवली. नारा, विठा, गोंदा आणि महादा यांना जिने वाढवले, तिचेही म्हणणे ग्रंथात राहिले. आखातातल्या बापाची गोष्ट आपण सांगतो तेव्हा त्यात इतकी तरी जागा असावी.

पण खरी अडचण म्हातारपणी येते. घरी नसलेल्या बापाने मुलाकडून सेवेची अपेक्षा ठेवावी का? आमच्या वस्तीत यावरून भांडणे झालेली मी पाहिली आहेत. बाप म्हणतो, वीस वर्षं वाळवंटात काढली. मुलगा म्हणतो, तुम्ही पैसे पाठवलेत, मोठं आईनं केलं. दोघेही पावत्यांची फाईल मांडून बसल्यासारखे. मग कुणी वडीलधारा पुंडलिकाचा दाखला देतो आणि मुलाला गप्प करतो.

तो दाखला नीट आठवून पाहा, माऊली. प्रत्यक्ष देव दारात आला, पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, त्याने वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. पण त्या आईबापांनी पुंडलिकासाठी काय केले होते? त्यांनी त्याला पोटाला चिमटा घेऊन वाढवले, शिकवले, असे काही आपण कधी ऐकले आहे? आजोबांच्या मांडीवर ऐकलेल्या कथेत नाही, फडावरच्या कीर्तनातही मी ते ऐकलेले नाही. आईबापांच्या खात्यावर कथेने काहीच जमा दाखवलेले नाही. पुंडलिक कर्ज फेडत नव्हता. म्हणूनच देवाला थांबावेसे वाटले असणार. फेडीच्या कामासाठी तो अठ्ठावीस युगे कशाला उभा राहील? ही कथा मुलाने स्वतःला सांगायची आहे. बापाने ती उचलून मुलावर फेकली, की तिची वीट राहत नाही, नुसता दगड होतो. आणि मुलालाही तिच्यातून सुटका नाही. "तुम्ही नव्हता, म्हणून मी काही लागत नाही" हे म्हणणेही त्याच वहीतले आहे. फक्त पान उलटे.

तुम्ही विचाराल, मग बापाने गुडघे धरून गप्प बसायचे का? त्याला ना पेन्शन, ना फंड. तसे मुळीच नाही. गरज सांगावी. "गुडघा दुखतोय, दवाखान्यात चल" एवढे म्हणायला वीस वर्षांच्या वाळवंटाचा दाखला जोडावा लागत नाही. दाखला जोडला की मुलगा येतो, पण घड्याळ बघत येतो.

दुसरे वाक्य जास्त अवघड आहे. "शाळा बघायची राहून गेली" यात फुशारकी नाही, दुःख आहे, म्हणून कुणी त्याला हात लावत नाही. एकदा मी ते लेकीपाशी बोललो. ती आता स्वतः शिकवणी घेते. म्हणाली, "अण्णा, आमची शाळा झाली की. मस्त झाली." मला ते लागले. खरे सांगायचे तर दोन दिवस लागून राहिले. तिच्या बोलण्यात रागही नव्हता आणि माझी समजूत काढणेही नव्हते. पावसात भिजलेली दप्तरे, बाईंनी घेतलेले जादा तास, वडाळ्याच्या रांगेत पेंगणारा भाऊ, हे सगळे पुरतेपणी घडले होते. त्यात एक बाप कमी होता हे खरे, पण मुलांनी ती वर्षे अर्धवट जगलेली नव्हती. माझे दुःख माझे आहे आणि ते मी जन्मभर बाळगीन. ते मी त्यांच्या बालपणावर ठेवले, तर त्यांचे भरलेले घर मी रिकामे ठरवतो, आणि सतरा पुस्तकांवर सही करणारीलाही न केल्यासारखे करतो. संतांनी "माझे" या शब्दापासून सावध केले आहे. "माझ्यामुळे झाले" यातला मी पटकन ओळखू येतो. "माझ्याविना झाले" यातला ओळखू येत नाही, कारण तो डोळे पुसत असतो.

याचा अर्थ जाऊ नये असा घेऊ नका. गोवंडीतल्या कितीतरी घरांत चूल पेटली ती तिकडच्या पैशावर. माझ्या घरात तर नक्कीच.

गेल्या वर्षी मुलाला दोह्याहून नोकरीचे बोलावणे आले. मी गेलो तेव्हा माझ्या पासपोर्टवर शिक्का होता. मी दहावी नापास, म्हणून सरकारी परवानगी काढल्याशिवाय मला आखातात जाता येत नव्हते. दहावी पास झालेल्याला आता ती अट नाही. ६०० दिरहम आणि त्या सह्या यांनी मिळून त्याला जे दिले, त्यात हेही आले, की घर सोडणे त्याला माझ्यापेक्षा सोपे झाले. त्याची मुलगी पहिलीत आहे. तो विचारायला आला, "अण्णा, जाऊ का?"

मी जा म्हणालो नाही आणि नको असेही म्हणालो नाही. त्याला दोन आकडे सांगितले, साडेतीन हजार आणि २४०. त्या पैशात काय काय झाले तेही एकेक करून सांगितले, आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनपासून त्याच्या आयटीआयच्या फीपर्यंत. मग ट्रंक उघडून प्रगतिपुस्तके सूनबाईच्या हातात दिली. ती बराच वेळ एकेक पान उलटत होती. मग त्याला म्हणाली, "आम्हाला नेता येईल इतका पगार आहे का, ते आधी फोन करून विचारा."