याकोबची टाच

नाशिकचा शरणपूर रोड आपण रोज पत्ता म्हणून सांगतो. त्या नावाचा अर्थ सहसा डोक्यात येत नाही. पण एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेलं शरणपूर खरोखरच आसऱ्याला आलेल्यांचं होतं. समुद्रात इंग्रजी नौदलानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं आणली जात. त्यांना अक्षरं शिकवत, हातात एखादा धंदा देत. आणि नवं नावही.

त्यांतला एक याओ जमातीचा मुलगा, जेकब वेनराइट. जेकब म्हणजे मराठी बायबलमधला याकोब. हिब्रूत या नावाचं नातं टाचेशी आहे. जुळ्या भावाची टाच धरून तो जन्मला. पुढं त्यानं भावाला दोनदा फसवलं आणि त्याच नावाला ‘दुसऱ्याची जागा बळकावणारा’ असा वास येऊ लागला. आंधळ्या बापानं कोण म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं भावाचं नाव सांगितलं होतं. कित्येक वर्षांनी यब्बोकच्या काठी तो एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झुंजला. त्यानंही नाव विचारलं. या वेळी याकोब खरं बोलला, आणि मगच त्याला ‘इस्राएल’ हे नवं नाव मिळालं.

माझं अडतं ते इथंच. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण नाव बदललं नाही. ते जाणते होते, ठरवू शकत होते. गुलामांच्या जहाजावरून उतरलेलं पोर काय ठरवणार? ज्याचं सगळं लुटलं गेलं, त्याचं उरलेलं नावही सोडवणाऱ्यांनी बदललं. याला मुक्ती म्हणायचं की दुसरी मालकी?

मे १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला. त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, तेव्हा प्रार्थना जेकबनं वाचली. झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. मीठ लावून उन्हात वाळवलेला देह घेऊन सोबती महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावर पोहोचले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला साथ देणाऱ्यांत जेकब होता.

आता बायबलमधला याकोब आठवा. आपल्याला मिसरात पुरू नये, अशी शपथ तो मरणापूर्वी मुलाकडून घेतो. त्याचाही देह टिकवून दूर बापजाद्यांच्या गुहेत नेला जातो. तो याकोब लेकरांनी घरी नेला. नाशिकच्या जेकबनं मात्र दुसऱ्याला त्याच्या घरी पोहोचवलं.

म्हणजे नावाचं त्यानं सोनं केलं. पण म्हणून देणाऱ्यांचा हिशेब चुकता होत नाही. इस्राएल झाल्यावरही बायबल त्याला अधूनमधून याकोबच म्हणतं. जुनं नाव पुसत नाही. शिवाय नदीकाठच्या त्या अनोळखी पुरुषानं नवं नाव देण्याआधी एक साधी गोष्ट केली होती. त्यानं विचारलं होतं.

आसरा देणाऱ्यानंही आधी एवढंच विचारावं: बाळा, घरी तुला काय म्हणतात?