लाकूडतोड्याचे स्मरण

मंडळीतील एखादा वृद्ध प्रभूमध्ये निजला म्हणजे त्याच्याविषयी आपण जे बोलतो, त्यातील किती शब्द खरोखर त्याचे असतात? ‘प्रेमळ पती’, ‘आदर्श पिता’, ‘कष्टाळू व देवभीरू’ ही विशेषणे आपण शाळामास्तराला लावतो, कारकुनाला लावतो, आणि ज्याने उभे आयुष्य रानात झाडे तोडण्यात घालविले त्यालाही लावतो. मृताविषयी चांगले बोलावे हा संकेत योग्यच आहे. परंतु सर्वांविषयी सारखेच बोलू लागलो, तर कोणाचेच स्मरण होत नाही.

लाकूडतोड्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ‘वृक्षतोड’ हा शब्दच आज अपराधवाचक झाला आहे, आणि तो अकारण नव्हे. साग पक्व होण्यास साठ-सत्तर वर्षे आणि कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो; त्याला आडवा करण्यास काही घटका पुरतात. मग पोटासाठी शेकडो झाडे पाडणाऱ्या माणसाचे स्मरण कसे करावे? त्याचा व्यवसाय झाकून ठेवून केवळ कुटुंबवत्सलतेची स्तुती करावी काय?

पवित्र शास्त्र हा व्यवसाय झाकून ठेवीत नाही. शलमोनाने मंदिरासाठी लबानोनाचे गंधसरू मागविले, तेव्हा तीस हजार इस्राएली माणसे वेठीस लावली. त्यांतील दहा हजार माणसे पाळीपाळीने जात. एक महिना लबानोनात आणि दोन महिने आपल्या घरी (1 राजे 5:13-14). या हिशेबात घराचा उल्लेख आहे, हे ध्यानात घ्या. प्रत्येक कुऱ्हाडीमागे वाट पाहणारे एक दार होते. त्या तीस हजारांपैकी एकाचेही नाव आपणास ठाऊक नाही. मात्र त्यांचे ओझे विसरले गेले नाही. शलमोनाच्या पश्चात लोकांनी रहबामापुढे त्या जड जोखडाची तक्रार मांडली; त्याने ती धुडकावली, आणि पुढे वेठीवरील अधिकाऱ्याला लोकांनी दगडमार करून ठार केले (1 राजे 12). मंदिराचे वैभव वर्णन करणाऱ्या त्याच ग्रंथाने हेही नोंदविले आहे. म्हणून खऱ्या स्मरणात गौरवाबरोबर अन्यायाचीही नोंद असली पाहिजे.

आपल्या देशातही असेच घडले. 1853 साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, लोहमार्ग देशभर पसरू लागले, आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी साग, साल व देवदार यांची प्रचंड तोड झाली. 1864 साली सरकारी वनखाते स्थापन झाले. कूप कोणता, झाडे कोणती, हे खाते ठरवी. नफा ठेकेदार घेई. कुऱ्हाड मात्र आदिवासी व भूमिहीन मजुराच्या हाती असे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी 1945 पासून वेठीविरुद्ध आणि जंगलकामाच्या वाजवी मजुरीसाठी लढा दिला, तो याच परिस्थितीतून. 1947 पासून मुंबई इलाख्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या, त्यांचा हेतूही ठेकेदाराचा पाश सोडविण्याचाच होता. ज्याला झाड निवडण्याचा अधिकार नव्हता, त्याच्यावर रान उजाड केल्याचा सगळा दोष कसा ठेवता येईल? दोषाचे माप स्वातंत्र्याच्या मापाने घेतले पाहिजे. आणि आपल्या घराची दारे, प्रार्थनामंदिरातील बाके, बाळाचा पाळणा, शेवटी आपली शवपेटी ज्या लाकडाची, त्या लाकडाच्या हिशेबात आपलेही नाव आहेच.

तरीही त्याला निव्वळ बळी म्हणणे हा दुसरा अन्याय होईल, कारण त्यामुळे त्याचे कर्तृत्व पुसले जाते. झाड पाडणे हे आंधळ्या बळाचे काम नव्हे. झाडाचा कल कोणीकडे, वारा कुठला, वरची कोणती फांदी सुकलेली, हे आधी पाहावे लागते. ज्या बाजूस झाड पडावयाचे त्या बाजूस खाच घ्यावयाची, मग विरुद्ध बाजूने करवत चालवावयाची, पाचर मारावयाची, आणि मधले थोडे लाकूड शेवटपर्यंत राखून झाडाला दिशा द्यावयाची. हिशेब चुकला तर जोडीदाराचा जीव जातो. म्हणूनच मोशेच्या नियमशास्त्रात शरणपुरांचा विषय येतो, तेथे उदाहरण लाकूडतोड्याचेच आहे: शेजाऱ्याबरोबर रानात गेलेल्या माणसाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी मरतो (अनुवाद 19:5). म्हणजे कामाला निघण्यापूर्वी दांडा घट्ट आहे की नाही हे पाहणे, हीदेखील शेजारप्रीतीच होय. अलीशाच्या शिष्याचे पाते यार्देनेत पडले, तेव्हा तो कळवळला, तो ते उसने आणलेले होते म्हणून (2 राजे 6:5). गरिबाच्या प्रामाणिकपणाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

वाचकहो, अशा माणसाची नीती आपण त्याच्या कामाबाहेर शोधतो, ती कामातच असते. पावसाळा सरल्यावर रानात जाऊन पुढच्या पावसापर्यंत खपणारा बाप मुलांना फारसा दिसत नसे. कदाचित बोलतही नसे. ते दूरपण दुःखाचे होते, आणि ‘आदर्श पिता’ म्हणून ते झाकण्याची गरज नाही. त्याच दूरपणातून मुलांचे दाणे आले, हेही तितकेच खरे. ही दोन्ही सत्ये एकत्र सांगणारे स्मरण मुलांना अधिक आधार देते, कारण त्यात त्यांना आपला बाप ओळखू येतो.

तोडलेल्या झाडाला पुन्हा फुटण्याची आशा असते, मनुष्याला ती कोठे, असा प्रश्न ईयोबाने केला (ईयोब 14:7-10). सागाचा बुंधा जमिनीलगत व सफाईने कापला तर त्याला पुन्हा धुमारे येतात, हे जाणत्या लाकूडतोड्याला ठाऊक असते. म्हणून तो तोडतानाही उद्याच्या झाडाचा विचार करतो. ईयोबाच्या प्रश्नाला ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर पुनरुत्थानाचे आहे. वधस्तंभावरील अपराध्याने प्रभूकडे केवळ आठवणीची याचना केली, आणि त्याला सुखलोक मिळाला. देवाने आठवणे म्हणजे जीवन देणे. आपले स्मरण तितके समर्थ नाही. पण ते खरे असू शकते.

तेव्हा अशा घरी सांत्वनास जाल, त्या वेळी ठरावीक शब्द उच्चारण्याआधी थोडे विचारा: ते कोणत्या रानात काम करीत? जोडीला कोण असे? मजुरी किती मिळे? घरी परतले की प्रथम काय करीत? ऐका, आणि शक्य तर लिहून ठेवा. लबानोनातील तीस हजारांची नावे आपल्या हातून निसटली आहेत. आपल्या मंडळीतील एकाचे नाव व त्याचे काम राखणे अजून आपल्या हाती आहे.