डोंगर आणि टिंब

बाबा गेले ते पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. मृत्यूच्या दाखल्यावर तीच वेळ आहे. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "वेळ भरली होती." आईला ते पटलं. मी बी.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. मला काही ते वाक्य गिळवेना.

तेरावं झालं आणि मी पुन्हा तासांच्या तयारीला बसले. आर या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ लिहिली: कर्व्ह, कंसात डीनॉर्म, उणे चार ते चार. पडद्यावर घंटेच्या आकाराचा वक्र उमटला. आई शेजारी शेंगा सोलत होती.

"हा डोंगर कसला गं?"

"संभाव्यता घनता फल."

"फळ? कर्माचं?"

परिभाषा घडवणाऱ्यांनी फंक्शनला 'फल' म्हटलं, तेव्हा माझी आई त्यांच्या ध्यानात नसावी.

मुलं अडखळतात ती डोंगराच्या उंचीपाशी. प्रमाण विचलन ०.१ केलं की शिखर ३.९९ वर जातं, आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, संभाव्यता एकाहून जास्त?" उंची म्हणजे संभाव्यता नव्हेच. आडव्या अक्षावर तासांऐवजी मिनिटं घेतली की तीच उंची साठपट खाली येते. संभाव्यता असते वक्राखालच्या क्षेत्रफळात, आणि क्षेत्रफळाला रुंदी लागते. टिंबाला रुंदी नाही. त्याच्या वाट्याला शून्य.

त्या रात्री डॉक्टर म्हणाले होते, "पहाटेपर्यंत." असलं गणित मांडावं का, असं मनात आलं, तरी मांडलं. मध्य चार वाजता, प्रमाण विचलन एक तास. चार दहाच्या त्या मिनिटाला ०.००६६ आलं, त्यातल्या एका सेकंदाला ०.०००१. आणखी बारीक चिरत गेलं की शून्याकडेच जायचं. आणि बाबा गेले ते मात्र कुठल्या तरी एकाच क्षणी, माझ्या गणितात शून्य असलेल्या.

हा वक्र १७३३ साली आब्राहाम द म्वाव्रच्या हाती लागला. धर्मछळामुळे फ्रान्स सोडून लंडनला आलेला हा प्रॉटेस्टंट शिकवण्या करून पोट भरायचा. प्रयोग वाढवत नेले की योगायोगाच्या गोंधळातून व्यवस्था वर येते, हे त्याने पाहिलं, आणि ती मूळ ईश्वरी योजनेतून येते असं मानलं. म्हणजे त्याचा देव डोंगराचा. हजारोंचा मिळून आकार नीट आला की झालं; त्यात बाबा कुठे बसले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आईचा विठोबा टिंबाचा. एका माणसाचा एक क्षण, एवढंच तो बघतो.

माझा धंदा पहिल्या देवाच्या बाजूचा. पण दुसऱ्याला खोडून काढायला गेले तर हातात काही येईना. घड्याळ, दाखला, माझा लॅपटॉप, सगळे तुकडे मोजतात: मिनिटाचे, सेकंदाचे. टिंब कुणी मोजलेलं नाही. "वेळ भरली होती" याला माझ्याकडे पुरावा नाही, तसं खंडनही नाही. हे कबूल करताना मला राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

"एवढ्या सगळ्या ठिकाणी मोजतो का हा?" पडद्याकडे बघत आईने विचारलं.

"छे. काही सांगितलं नाही तर १०१ ठिकाणी. मधे सरळ रेघा मारतो."

"मग मधलं त्याला ठाऊकच नाही म्हण की."

मी १०१ च्या जागी ५ घातले. गोलाई गेली, मधे एक टोक आणि दोन्हीकडे जमिनीलगत पसरलेल्या कडा. आईने हात पदराला पुसले, चष्मा लावला, वाकून पाहिलं.

"ही तर दिंडीतली राहुटी," ती म्हणाली. "ह्या कोपऱ्याची खुंटी तुझे बाबा ठोकायचे."